चॅनेल ६२ वर नाचलेल्या बाईंचा हसल क्लास

मंगळवारी संध्याकाळी साडेसहा ते आठ. डेट्रॉइटच्या पश्चिम भागातल्या एका चर्चचं तळघर. आठ आठवड्यांचे ८० डॉलर, आणि एखाद्याच दिवशी यायचं असेल तर १२ डॉलर, रोख, दाराशी टेबलावर ठेवलेल्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. सप्टेंबरपासून मी इथे हसल हा नाच शिकतेय. दोन सत्रं झाली, तिसऱ्याचे पैसे भरून ठेवलेत. नोव्हाय, ट्रॉय आणि आमच्या कँटन या डेट्रॉइटच्या उपनगरांतल्या पाच-सहा मैत्रिणींनी फोन करून विचारलं, "कसा आहे गं क्लास? एवढ्या लांब कशाला जातेस?" त्या सगळ्यांसाठी एकदाच नीट लिहिते.

हसल म्हटलं की न्यूयॉर्कच्या डिस्कोतला जोडीचा नाच डोळ्यांसमोर येतो. डेट्रॉइटचा हसल तसा नाही. इथे सगळे ओळीत उभे राहतात, सगळ्यांची तोंडं एकाच भिंतीकडे. ठरलेल्या मात्रांची पावलं झाली की पाव गिरकी घेऊन पुढच्या भिंतीकडे तोंड करायचं आणि तीच पावलं पुन्हा. चार भिंती झाल्या की तुम्ही मूळ जागी. एखादं गाणं लोकांच्या तोंडी बसलं की कुणीतरी त्यावर नवा हसल बसवतं, आणि महिन्याभरात तो लग्नाच्या हॉलमध्ये, उन्हाळ्यात बागेतल्या कौटुंबिक जेवणावळीत, निवृत्तीच्या पार्टीत पोचतो. माझ्या कारखान्यातल्या एका सहकारिणीच्या निरोपसमारंभात मी हे पहिल्यांदा पाहिलं. चाळीस माणसं न सांगता ओळीत उभी राहिली आणि एकदम वळली. मी प्लेट हातात धरून भिंतीशी उभी होते. त्या रात्री गाडी चालवताना मला आठवत होतं सांगलीच्या शाळेचं मैदान, २६ जानेवारीची सकाळ, हलगी आणि आमचं लेझीम पथक. तीस-बत्तीस वर्षांत मी ओळीत उभी राहिले नव्हते.

त्याआधी मी घराजवळच्या एका व्यायामशाळेत नाचाच्या वर्गाला नाव घातलं होतं. वर्षाचे पैसे आधी घेतले, सहा महिन्यांत चार शिक्षिका बदलल्या, आणि एकीनेही माझ्या पायांकडे पाहिलं नाही. आरशाकडे तोंड करून त्या नाचायच्या, मागे आम्ही. इथल्या बाई आरसा वापरतच नाहीत. तळघरात आरसा नाहीच.

बाई साठीच्या पुढच्या आहेत. बाकी सगळे त्यांना 'मिस' लावून नावाने हाक मारतात. नाव मी लिहीत नाही, त्यांना विचारलेलं नाही. मी मनात त्यांना बाईच म्हणते आणि आता तोंडातही तेच येतं. अर्थ सांगितला तेव्हापासून त्या 'बाई'ला ओ देतात. शाळकरी वयात त्या 'द सीन' या टीव्हीवरच्या नाचाच्या कार्यक्रमात नाचलेल्या आहेत. क्लास इतरांपेक्षा वेगळा का आहे ते या एका गोष्टीपाशी येऊन थांबतं, म्हणून 'द सीन'बद्दल जरा सविस्तर.

डेट्रॉइटमध्ये २९ सप्टेंबर १९७५ ला डब्ल्यूजीपीआर हे टीव्ही स्टेशन सुरू झालं, चॅनेल ६२. अमेरिकेच्या मुख्य भूमीवरचं हे कृष्णवर्णीयांच्या मालकीचं पहिलं टीव्ही स्टेशन. उभं केलं विल्यम बँक्स या वकिलाने, आपल्या 'मेसन' या बंधुभावी संघटनेच्या जोरावर. त्याच संघटनेकडे डब्ल्यूजीपीआरचं एफएम रेडिओ स्टेशनही होतं, १०७.५ वर. चॅनेल ६२ यूएचएफ पट्ट्यात होतं, म्हणजे मोठ्या स्टेशनांसारखं एका झटक्यात लागायचं नाही. टीव्हीचं दुसरं बटण फिरवायचं, मागची गोल अँटेना हलवायची. बाई सांगतात, त्यांच्या घरी ते काम धाकट्या भावाचं होतं आणि मुंग्या जाऊन चित्र स्थिर झालं की त्याने तसंच हात धरून उभं राहायचं असा आईचा हुकूम होता.

त्याच वर्षी या स्टेशनवर 'द सीन' सुरू झाला आणि १९८७ पर्यंत चालला. सूत्रधार नॅट मॉरिस. संध्याकाळची वेळ, शाळा सुटलेली, आणि पडद्यावर गावातलीच पोरं नाचतायत. हा गावातलेपणा मला फार महत्त्वाचा वाटतो. फिलाडेल्फियाचा 'अमेरिकन बँडस्टँड' हा असाच नाचाचा कार्यक्रम १९५७ साली देशभर दिसायला लागला आणि १९६४ मध्ये लॉस एंजेलिसला गेला. 'सोल ट्रेन' १९७० साली शिकागोच्या एका स्थानिक स्टेशनवर सुरू झाला. पुढच्याच वर्षी तोही देशभर गेला, लॉस एंजेलिसहून. डेट्रॉइटची मोटाउन ही रेकॉर्ड कंपनीसुद्धा १९७२ मध्ये तिकडेच गेली. वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरचं ते छोटं घर आज संग्रहालय म्हणून पाहायला मिळतं, पण गाणी मुद्रित करणारे लोक निघून गेले. 'द सीन' कुठेच गेला नाही. ईस्ट जेफरसन ॲव्हेन्यूवरच्या स्टुडिओत सुरू झाला, आणि पडद्यावरची मुलगी दुसऱ्या दिवशी बसमध्ये तुमच्या शेजारी बसलेली असायची. तिचं पाऊल चुकलं तर तिला तिथेच विचारता यायचं.

बाई पहिल्यांदा गेल्या तेव्हा सतरा वर्षांच्या होत्या. दोन बस बदलून, मोठ्या बहिणीचा ब्लाउज घालून, पिशवीत बुटांचा जोड घेऊन. रस्त्यावरच्या बर्फाच्या चिखलात आतले बूट खराब करायचे नव्हते. टीव्हीवर तो स्टुडिओ केवढा मोठा वाटायचा, आत गेल्यावर दिसलं की चर्चच्या हॉलएवढाच. दिव्यांचा उकाडा असा की पहिल्या गाण्यातच केसांचा आकार गेला. हे सांगताना त्या आजही हात डोक्याकडे नेतात.

या कार्यक्रमाचे तुकडे आता यूट्यूबवर आहेत. दोन रांगा समोरासमोर, मधून वाट, आणि त्या वाटेने एकेक जोडी नाचत पुढे येते. मी क्लासला जायच्या आधी रात्र-रात्र हे पाहिलं. माझा सर्वांत आवडता तुकडा 'शेअरवारी'चा. हे गाणं १९८१ सालचं, 'अ नंबर ऑफ नेम्स' या डेट्रॉइटच्याच मंडळींचं. डेट्रॉइट टेक्नोच्या, म्हणजे यंत्रांवर बनवलेल्या नाचाच्या संगीताच्या, अगदी पहिल्या रेकॉर्डांपैकी एक म्हणून आज जगभर त्याचं नाव घेतात. त्या वेळी टेक्नो हे नाव कुणाच्या तोंडी नव्हतं. शाळकरी पोरं वर्गणी काढून हॉल भाड्याने घ्यायची, पार्टीला झोकदार युरोपी नाव द्यायची. तशाच एका पार्टीच्या नावावरून हे गाणं निघालं. आणि पडद्यावर बघा, कुणीही गोंधळलेलं नाही. यंत्राचा कोरडा ठेका, मधे माणसाचं बोलणं, आणि पोरं त्यावर अशी चालतात जणू लहानपणापासून हेच ऐकत आलीत.

एका अर्थी ती ऐकतच आली होती. त्याच इमारतीच्या एफएम रेडिओवर रात्री 'द इलेक्ट्रिफाइंग मोजो' हा गाणी लावणारा निवेदक असायचा. खरं नाव चार्ल्स जॉन्सन. तो जर्मनीच्या क्राफ्टवर्क या सिंथेसायझरवाल्या बँडला पार्लमेंट या अमेरिकन फंक बँडच्या शेजारी बसवायचा आणि त्यांच्या पाठोपाठ गायक प्रिन्सची गाणी वाजवायचा. काळ्यांचं संगीत, गोऱ्यांचं संगीत अशी भिंत त्याने मानलीच नाही. शहराबाहेर बेलव्हिलला राहणारा, पुढे टेक्नोचा एक जनक ठरलेला हुआन ॲटकिन्स त्याचा श्रोता. त्याने रिक डेव्हिसबरोबर 'सायबोट्रॉन' हा बँड काढला आणि त्यांची १९८१ ची पहिली रेकॉर्ड मोजोनेच वाजवली. रात्री रेडिओवर ऐकलं, संध्याकाळी टीव्हीवर त्यावर नाचायचं कसं ते पाहिलं, शनिवारी भाड्याच्या हॉलमध्ये स्वतः केलं. डेट्रॉइट टेक्नोच्या कहाणीत यंत्रांची नावं फार येतात, ठोक्यांचं यंत्र अमुक, सिंथेसायझर तमुक. पावलांबद्दल कुणी लिहीत नाही. रेकॉर्ड चालते की पडते हे आधी पायांना कळायचं, असं बाई म्हणतात, आणि मला ते पूर्ण पटतं.

हे सगळं क्लासच्या संदर्भात का सांगते? कारण व्हिडिओवरून शिकण्याचा मी दोन महिने जिवापाड प्रयत्न केला आणि जमलं नाही. कॅमेरा चेहऱ्यावर जातो, कपड्यांवर जातो, आणि नेमकी हवी असतात ती पावलं कितीदा तरी चौकटीबाहेर राहतात. दिसली तरी एक गोष्ट दिसतच नाही, ती म्हणजे वजन. कोणत्या पायावर वजन आहे आणि कोणता पाय जमिनीला नुसता शिवून परत आलाय, हे पडद्यावर कळत नाही.

दुसऱ्या मंगळवारची गोष्ट. आठ मात्रांचा साधा तुकडा होता. उजवीकडे तीन पावलं आणि चौथ्या मात्रेला डावा पाय नुसता टेकवायचा, मग डावीकडे तसंच. मी दर वेळी डावीकडे जाताना अडखळत होते. बाईंनी गाणं थांबवलं नाही. माझ्या बाजूला येऊन गुडघ्यावर बसल्या, एक कागदी नॅपकिन काढला आणि माझ्या डाव्या चवड्याखाली सरकवला. "तू टेकव, मी ओढते." चौथ्या मात्रेला त्यांनी ओढला आणि नॅपकिन फाटला. म्हणजे मी त्या पायावर उभी होते. ज्या पायावर उभी आहे तोच पाय पुढच्या मात्रेला उचलणार कसा? पुन्हा नवीन नॅपकिन. पुन्हा फाटला. पाचव्या-सहाव्या वेळी तो अलगद निघून आला, अख्खा, आणि माझा डावा पाय आपण होऊन बाजूला गेला. आजूबाजूचे वीस-पंचवीस लोक तोवर तीन भिंती फिरून आले होते. बाई उठताना माझ्या खांद्याचा आधार घेत एवढंच म्हणाल्या, "आता हा कागद डोक्यात ठेव."

त्याच दिवशी त्यांनी विचारलं, "तू हातात काय धरलंयस?" माझे दोन्ही हात छातीसमोर होते, मुठी वळलेल्या, एक थोडी वर. मला ठाऊकच नव्हतं. मी लेझीम म्हणजे काय ते सांगितलं. लाकडी दांडा, साखळी, पितळी चकत्या, वाकून उठताना होणारा आवाज. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं, मला करून दाखवायला लावलं आणि म्हणाल्या, "हात तसेच राहू देत. ते आधीपासून शिकलेले आहेत." त्यानंतर त्यांनी एकदाही माझे हात खाली आणले नाहीत. इतकी वर्षं शिकवणाऱ्या माणसाला काय दुरुस्त करायचं आणि कशाला हात लावायचा नाही हे कळतं. एवढ्या एका गोष्टीसाठी मी ८० डॉलर पुन्हा पुन्हा देईन.

शेवटची वीस मिनिटं जिटची असतात. जिट हा डेट्रॉइटचाच, भराभर पावलांचा नाच. सत्तरच्या दशकात मॅकगी बंधूंनी, 'द जिटरबग्ज' या नावाने, तो वाढवला. कमरेवरचं शरीर जवळजवळ शांत आणि खाली पाय लाथा मारतायत, घसरतायत, एकमेकांना ओलांडतायत. पुढे गाण्यांचा वेग मिनिटाला दीडशे ठोक्यांच्या आसपास पोचला तसा जिटही धावायला लागला. १९८८ मध्ये चॅनेल ६२ वर 'द न्यू डान्स शो' आला, आर. जे. वॉटकिन्स यांचा, त्यात डेट्रॉइटच्याच टेक्नो आणि हाउस संगीतावर नाचणारी मंडळी पाहिली की वेग म्हणजे काय ते कळतं. बाई स्वतः आता उड्या घेत नाहीत. त्यांचा पुतण्या येतो आणि तो दाखवतो, त्या बाजूला उभं राहून टाळीने मात्रा धरतात. माझा सतरा वर्षांचा मुलगा, जो मला फक्त सोडायला आला होता, याच वीस मिनिटांसाठी आता दर मंगळवारी येतो. पहिल्या दिवशी तो दाराशी जॅकेट घालून उभा होता. तिसऱ्या आठवड्यात जॅकेट खुर्चीवर होतं. आता घरी फ्रीजसमोर त्याचे पाय चालू असतात आणि "आई, ही घसरण बघ ना" म्हणून तो मला स्वयंपाकघरात थांबवतो. नॅपकिन मी त्याच्याही पायाखाली घालून पाहिला. त्याचा पहिल्याच वेळी निघाला.

उणिवा आहेत, आणि पैसे भरणाऱ्याला त्या ठाऊक हव्यात. साडेसहा म्हणजे पावणेसात. तळघर हिवाळ्यात थंड असतं. पहिली दहा मिनिटं स्वेटर काढवत नाही. गाडी लावायची जागा इमारतीच्या मागे आहे आणि तिथे एकच दिवा आहे, म्हणून निघताना आम्ही तीन-चार जणी मिळून निघतो. मला खरी अडचण वाटली ती वेगळी. तिसऱ्या आठवड्यानंतर नवे आणि जुने एकाच ओळींत येतात. जुन्यांना वीस-वीस हसल पाठ आहेत, गाण्याचे पहिले दोन सूर ऐकूनच ते वळतात, आणि नवीन माणूस मधोमध सापडला तर चारी बाजूंनी धक्के खातो. मी बाईंना सांगितलं की नव्यांसाठी अर्धा तास आधी वेगळा ठेवा. त्यांनी ऐकून घेतलं, पण मानलं नाही. त्यांचं म्हणणं, ओळीतच शिकायचं असतं, चुकलं तर शेजारचा सावरतो. मला अजून वाटतं की पहिल्या महिन्यात तरी तो अर्धा तास हवा. नवीन असाल तर माझा सल्ला: धक्के बसले तरी मधल्या ओळीत मध्यावर उभ्या राहा. कोपऱ्यात उभं राहिलात तर दुसऱ्या भिंतीला वळल्यावर तुम्ही सगळ्यांच्या पुढे येता आणि समोर बघायला कुणी उरत नाही.

आणखी एक. प्रत्येक हसलला नाव असतं, पण ते नाव शहराच्या पूर्व भागात एक आणि पश्चिम भागात दुसरं असू शकतं. वहीत लिहून ठेवायचं असेल तर नाव न लिहिता पावलं लिहा. मी मात्रांचे आकडे लिहिते आणि नुसत्या टेकवायच्या पावलाभोवती गोल काढते.

क्लासमध्ये जुने व्हिडिओ सहसा दाखवत नाहीत. बाईंच्या स्वतःच्या दोन कार्यक्रमांची व्हीएचएस टेप घरात होती, त्यावर भावाने फुटबॉलचा सामना टेप केला. त्या हे रागावून सांगत नाहीत, पण त्यानंतर थोडा वेळ बोलतही नाहीत. स्टेशनही नव्वदच्या दशकाच्या मध्यात सीबीएस या मोठ्या टीव्ही कंपनीला विकलं गेलं. जेफरसनवरची इमारत आहे. स्टेशनच्या जुन्या लोकांनी २०१७ साली तिथे छोटंसं संग्रहालय उघडलं.

दुसऱ्या सत्राच्या शेवटच्या मंगळवारी बाईंनी खुर्च्या सरकवायला लावल्या आणि आम्हाला समोरासमोर दोन रांगांत उभं केलं. मधे वाट. पुतण्याने 'शेअरवारी' लावलं. माझा जोडीदार होता एक चौऱ्याहत्तर वर्षांचा गृहस्थ, मोटारीच्या कारखान्यातून निवृत्त झालेला. क्लासमध्ये त्याच्याइतका कमी हलून इतका नाचणारा दुसरा कुणी नाही. त्याने हात पुढे केला आणि विचारलं, "तयार आहात ना, मॅडम?" वाट जेमतेम तीस फुटांची. अर्ध्यावर मी पाहिलं, बाई रांगेच्या टोकाला उभ्या होत्या आणि माझ्या चेहऱ्याकडे न बघता माझ्या पायांकडे बघत होत्या. टेकवायची पावलं मी नुसती टेकवली. टोकाला पोचल्यावर त्यांनी मान हलवली आणि पुढच्या जोडीला खूण केली.

तिसरं सत्र जानेवारीच्या दुसऱ्या मंगळवारी सुरू होतंय. सव्वासहाला पोचलात तर दिव्याखालची जागा मिळते. बूट चामडी तळाचे आणा, रबरी तळ गिरकीत अडतो आणि गुडघा दुखतो. बर्फ असेल तर ते पिशवीत घालून आणा आणि आत बदला. नॅपकिन बाईंकडे असतात.